लगश कुणी जाळलं

ॲन आर्बर
ऑक्टोबर, शुक्रवार

प्रिय अनिश,

डिंकाचे लाडू बाबांबरोबर पाठवले आहेत. या वेळी डिंक नीट फुलला नाही, दाताखाली येईल, जपून खा. कुमारकाकांच्या बेसमेंटमधली खोली फार गार पडते असं बाबा म्हणाले, म्हणून तुझी कॉलेजातली निळी रजईही दिली आहे. जामिनावर सोडताना कोर्टाने पायात अडकवलेल्या त्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्याने कातडी सोलवटते का, खाली मोजा घालू देतात का, हे मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तूच विचार ना त्याला. विचारणार कशी? फेब्रुवारीपासून तू नोव्हायला कुमारकाकांकडे आणि मी इथे. मी साक्षीदार आहे म्हणून तुझ्या वकिलांनी आपल्याला लांब ठेवलंय, आणि केसबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही असं दोघांनाही बजावलंय. लिहिलेलं तर नाहीच पाठवायचं, ते कोर्टासमोर येऊ शकतं. येऊ दे. आठ महिने मी स्वयंपाक करून डबे पाठवते आहे आणि डबे रिकामे परत येतात, एवढंच आपलं बोलणं. त्याने आता माझं भागत नाही.

त्या दिवशीच्या माझ्या व्याख्यानापासून सुरुवात करते, कारण तू त्यातून मधेच उठून गेला होतास आणि गाडीत मला म्हणालास, “सॉरी आई, सेकंड हाफ मिस झाला. काय झालं त्या राजाचं?” मी म्हटलं, घरी गेल्यावर चहा घेताना सांगते. तो चहा काही झाला नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, बाहेर बर्फ, म्हणून तू लॅपटॉप मिटून मला इप्सिलँटीच्या लायब्ररीत घेऊन आला होतास. शेवटच्या रांगेत जॅकेट न काढता बसला होतास. मी मनात म्हटलं, याच्या लहानपणी मी पीएचडी करत होते तेव्हाही हा असाच लायब्ररीत माझी वाट बघत बसायचा. आता एवढा बाप्या झाला तरी येतो. मला किती बरं वाटलं होतं ते तुला सांगायचं राहूनच गेलं.

तू ऐकलास तो लुगलझागेसीच्या राज्याचा चांगला भाग. उम्मा नावाच्या शहराचा राजा, चार हजार तीनशे वर्षांपूर्वीचा. निसाबा ही धान्याची आणि लिहिण्याची देवी, तिचा तो पुजारी. एकेक करत त्याने सुमेरची, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधली, शहरं ताब्यात घेतली, आणि मग दगडी भांड्यांवर आपली कीर्ती कोरून ती निप्पूरच्या मोठ्या देवळात वाहिली. त्या भांड्यांचे तुकडे सापडलेत. त्यावर म्हटलंय की खालच्या समुद्रापासून वरच्या समुद्रापर्यंत देवाने त्याच्यासाठी वाट मोकळी केली, सगळे देश त्याच्या राज्यात कुरणात बसल्यासारखे निवांत झाले. मी हे वाचून दाखवत होते तेव्हा तुझा फोन वाजला आणि तू बाहेर गेलास. तो फोन कसला होता हे मला चार दिवसांनी बाबांकडून कळलं.

तू गेल्यावर मी सांगितलं ते असं. उम्माच्या शेजारी लगशचं राज्य होतं. दोघांच्या मधे एक सुपीक शेतजमीन आणि तिला पाणी देणारा कालवा. त्या पट्ट्यावरून दोन्ही गावं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडत आली होती. लगशवाले काही साधुसंत नव्हते. त्यांच्या एका राजाने उम्माच्या सैन्याची कत्तल करून मेलेल्यांचे ढीग रचले होते, आणि त्याचा दगडच कोरून घेतला. त्यात गिधाडं माणसांची मुंडकी चोचीत धरून उडताना दिसतात. लुगलझागेसी या सगळ्याचं उट्टं काढायला आला. तो एकदाच येऊन गेला नाही, पुन्हा पुन्हा आला. देवळं पेटवली. देवळांतच माणसं कापली. चांदी आणि तो निळा लाजवर्द दगड ओरबाडून नेला, मूर्ती फोडल्या, आणि देवाच्या शेतात पेरलेला होता नव्हता तेवढा सातू उपटून टाकला. हे त्याच्या भांड्यांवर कुठेही नाही. आपल्याला ते कळतं कारण लगशच्या कुणीतरी लेखनिकाने मातीच्या पाटीवर लिहून ठेवलं. त्याने नाव दिलेलं नाही. रडगाणंही गायलेलं नाही. या देवळाला आग लावली, या देवळात रक्त सांडलं, इथून चांदी नेली, असं एकामागून एक ठिकाण. शेवटी लिहिलंय की यात आमच्या राजाचा काही गुन्हा नाही. हे पाप लुगलझागेसीचं आहे, आणि ते त्याच्या देवीने त्याच्याच मानेवर वाहायला लावावं. पुढे उत्तरेकडून सार्गॉन आला, लुगलझागेसीला हरवलं, आणि मान लाकडाच्या खोड्यात अडकवून त्याला त्याच निप्पूरच्या दरवाजात आणून उभं केलं. ज्या देवळात त्याने भांडी वाहिली होती त्याच्याच दरवाजात. असं संपलं त्याचं राज्य. व्याख्यानाला आलेल्या पंधरा-वीस लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी तुला शोधत बाहेर आले तर तू गाडी गरम करून बसला होतास.

आपण घरी निघालो. टायरमध्ये हवा कमी असल्याचा दिवा लागला होता म्हणून तू गॅस स्टेशनवर वळलास. हवेच्या मशीनशी एक गाडी होती, आणि बाजूला एक पांढरी व्हॅन तिची पाळी येण्याची वाट बघत थांबली होती. आधीची गाडी हलली तशी तू झपकन आपली गाडी तिथे घातलीस. व्हॅनमधून एक माणूस उतरला, पन्नाशीचा, ठेंगणा, लोकरीची टोपी घातलेला. त्याने बोटांच्या पेरांनी आपल्या बॉनेटवर टकटक केलं. तू खाली उतरलास. मग तू मागचं दार उघडलंस, आणि माझ्या सीटच्या मागून तुझी हॉकी स्टिक सरकत गेल्याचा आवाज मी ऐकला.

पहिल्या फटक्याचं शेवटी लिहिते, ते लिहायला अजून हात वळत नाही. दुसऱ्यापासून सांगते, कारण तुला स्वतःला काही आठवत नाही असं तू डॉक्टरांना सांगितलंस. तो माणूस बर्फात गुडघ्यांवर बसला होता. तू स्टिक दोन्ही हातांनी फिरवून त्याच्या तोंडावर मारलीस. एवढ्या वाऱ्यातही मला गाडीत तो आवाज आला. ओलं लाकूड फोडताना येतो तसा. तो आडवा झाला. तू मारत राहिलास. स्टिक मोडली तेव्हा हातात राहिलेल्या तुकड्याने मारलंस, तुटलेलं टोक त्याच्या डोळ्यापाशी गेलं. तो सरपटत व्हॅनखाली शिरायला बघत होता. तू त्याला जॅकेटला धरून बाहेर ओढलंस आणि बुटांनी लाथा घालायला लागलास, बरगड्यांत, मग डोक्यात. बर्फावर रक्त पडलं की बर्फ वितळतं आणि त्यातून वाफ निघते, हे मला माहीत नव्हतं. मी उतरले. तुझी बाही धरली. तू माझ्याकडे वळून पाहिलंस, चेहरा अगदी नेहमीचा, आणि म्हणालास, “आई, गाडीत बस. घसरून पडशील.” आणि माझा हात झटकून पुन्हा त्याच्याकडे वळलास. मी फुटपाथच्या कडेवर पडले, मनगट मोडलं ते तिथे. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. ते हाड जुळलं. पण मी पडू नये याची तुला काळजी होती आणि त्याच क्षणी तुझा पाय त्याच्या डोक्यावर होता, हे दोन्ही एकाच माणसाचं कसं, हे मला आठ महिन्यांत सुटलेलं नाही.

दुकानातला कॅशियर ओरडत बाहेर आला तेव्हा तू थांबलास. पोलीस येईपर्यंत कडेला बसून राहिलास, आणि त्यांना पहिलं वाक्य बोललास ते हे, की त्याने चाकू काढला होता. त्याच्या अंगाशेजारी बर्फात चाकू सापडलाही, खोकी फाडायचा, मिटणाऱ्या पात्याचा. कॅमेऱ्यात पंप दिसतात, हवेच्या मशीनचा कोपरा दिसत नाही. पंपावर पेट्रोल भरत असलेल्या एका बाईंनी मारहाण पाहिली पण सुरुवात नाही. डॉक्टर सांगतात की कवटी कुठे फुटली, जबडा कुठे. यातला पहिला घाव कुठला ते त्यांना सांगता येत नाही. आणि मनगटाच्या वेदनेने मी हॉस्पिटलात पोलिसांशी धड बोलू शकले नाही, त्यानंतर आपल्या वकिलांनी त्यांना कळवून टाकलं की आईने सुरुवात पाहिलेली नाही, ती मांडीवरचे व्याख्यानाचे कागद चाळत होती. बाबा मला म्हणाले, “सुलभा, तू काही पाहिलं नाहीस. तू कागद चाळत होतीस. एवढंच.” बाबांना दोष देऊ नकोस. ते दिवसभर तुझ्या खोलीत बसून असतात, तुझी लहानपणची पदकं पुसतात. त्यांनी आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. काही बिघडलं की कुठला तरी भाग बदलून दुरुस्त होईल असंच त्यांना वाटतं.

मीही दुरुस्तीची जागा शोधली, अनिश. तुला कुणी कधी मारलं होतं का, आम्ही फार ओरडलो का, शाळेत तुला काही सोसावं लागलं का. पहाटे पाचला तुला आइस हॉकीच्या रिंकवर सोडायचे, तिथल्या काचेमागून थर्मासमधला चहा पीत तुला बघायचे. इतर मुलं हातमोजे फेकून एकमेकांवर तुटून पडायची तेव्हा तू बाजूला सरकायचास. तुझे कोच मला म्हणायचे, हा मुलगा जरा जास्तच सभ्य आहे. वकिलांनी ज्या सायकॉलॉजिस्टला आणलं त्या म्हणाल्या, नोकरी गेल्याचा धक्का. लायब्ररीत आलेला तो फोन त्याचाच होता. पण त्याच दिवशी, तसेच फोन आणखी कितीतरी जणांना गेले. त्यातले बहुतेक घरी गेले असतील, बायकोशी भांडले असतील, रडले असतील. मला सापडलेली कुठलीही गोष्ट त्या बर्फात जे झालं त्याला पुरत नाही. शोधणं मी आता सोडून दिलं आहे.

तो कोण आहे हे तुला कुणी सांगितलंय का? तुझ्या वकिलांच्या कागदांत तो फक्त तक्रारदार असतो. त्याचं नाव काझिम. इथे बेकरी चालवायचा, मैद्याची खोकी फोडायला तो चाकू कायम खिशात. पहिल्या सुनावणीत कळलं की तो इराकमधल्या शत्रा गावचा. लगशचे अवशेष त्या गावापासून जवळच आहेत. मी तीस वर्षं त्या परिसराबद्दल शिकवलं आणि तिथला माणूस मला भेटला तो असा. यातून मला काही अर्थ काढायचा नाही. काझिमचा उजवा डोळा गेला. उजवा हात आणि पाय हलत नाहीत. बोलणं गेलं, एकच शब्द उरलाय, ‘ला’, अरबीत म्हणजे नाही. पाणी हवं असलं तरी तो ‘ला’ म्हणतो, मुलीला जवळ बोलवायचं असलं तरी ‘ला’. त्याला त्या दिवसाचं काही आठवतं का, ते तो सांगूच शकत नाही.

हे मला नादियाने, त्याच्या बायकोने सांगितलं. ऑगस्टमध्ये तारीख होती तेव्हा मी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते आणि बाबा वकिलांशी बोलायला आत गेले होते. ती समोरून चालत आली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं, मी हलणार नव्हते. ती माझ्या शेजारी बसली, हातातली पर्स मांडीवर घेऊन. घरी त्याचं कसं करावं लागतं ते तिने मला सांगितलं, भरवणं, कूस वळवणं, सगळं, आवाज न चढवता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर करून थांबवलं. म्हणाली, ते तुझ्याकडून नको. मग तिने विचारलं, “तू तिथे होतीस. तो शेवटचं काय बोलला? तेवढंच मला हवंय.” बावीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं शेवटचं वाक्य तिच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. मी सांगितलं. तो तुला म्हणाला होता, “ब्रदर, आय वॉज वेटिंग हिअर. इट्स ओके. यू गो फर्स्ट.” तिने ते वाक्य दोनदा पुटपुटलं, पाठ करावं तसं, आणि उठून गेली. वाक्य ऐकू आलं म्हणजे मी काच खाली केली होती, माझं लक्ष बाहेर होतं, हे तिला कळलं असणार. तिने ते कुणाला सांगितलेलं दिसत नाही. मला कुणी विचारायला आलं नाही.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचे की त्या लगशच्या लेखनिकाचं धैर्य बघा, गाव जळत असताना त्याने जे घडलं ते तसंच्या तसं लिहिलं. आता वाटतं, त्याचं एका बाबतीत सोपं होतं. जाळणारा त्याचा मुलगा नव्हता. त्याला शाप देता आला. मला तुझ्यासाठी शाप सुचत नाही. दुपारी तू काय जेवला असशील, हेच सुचतं.

आता ते शेवटचं. काझिम तुला ‘तू आधी जा’ म्हणाला. तू त्याला काय बोललास ते मी इथे लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. त्याने उत्तर दिलं नाही. तो वळला आणि आपल्या व्हॅनकडे चालायला लागला. वारा होता म्हणून दोन्ही हातांनी टोपी कानांवर ओढत होता. दोन्ही हात, अनिश. त्यांत चाकू नव्हता, काही नव्हतं. तू मागचं दार उघडून स्टिक काढलीस ती तेव्हा, आणि पहिला फटका मागून घातलास, त्याचे हात टोपीवर असताना. चाकू त्याच्या खिशातून पडला तो तू त्याला व्हॅनखालून ओढलंस तेव्हा. मी सगळं पाहिलं. माझे कागद पिशवीत होते, पिशवी पायाशी. सरकारी वकिलांचं समन्स आलंय, मंगळवारी मला बोलावतील, आणि शपथ घेऊन मी हेच सांगणार आहे. ते तिथे, अनोळखी माणसांच्या देखत तुझ्या कानावर पडू नये म्हणून हे पत्र. बाबांना अजून सांगितलेलं नाही, आधी तुला. सोमवारपर्यंत वेळ आहे. तू स्वतः वकिलांना खरं सांगून गुन्हा कबूल केलास तर मला उभं राहावं लागणार नाही, आणि तुझ्या तोंडून निघालेलं खरं माझ्या साक्षीपेक्षा तुझ्या जास्त कामाचं आहे. नाही सांगितलंस तरी मी सांगेन. मग तुला जिथे कुठे ठेवतील तिथे मी येत राहीन. तू भेटायला नकार दिलास तर बाहेर बसून परत येईन, आणि पुढच्या वेळी पुन्हा येईन. मंगळवारी मी बाबांच्या गाडीतून येणार नाही, बसने येईन. साक्षीच्या वेळी तुला माझ्याकडे बघवणार नसेल तर बघू नकोस. मी मात्र सगळं तुझ्याकडे बघूनच सांगणार आहे.

तुझीच,
आई